संत जोसेफ वाझ : छळाच्या काळातील मेंढपाळ



दर रविवारी मिस्सामध्ये विश्वासूंच्या प्रार्थनेत आपण छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती बांधवांची आठवण करतो. विनंती वाचली जाते, आपण ठरलेले उत्तर देतो आणि पुढच्या विनंतीकडे वळतो. त्या बांधवांसाठी प्रत्यक्ष काय करता येते हे ज्यांनी २४ वर्षे करून दाखवले, त्या संत जोसेफ वाझ यांचा सण १६ जानेवारीला असतो. गोव्यात हे नाव घरोघरी आहे. आपल्या नगर जिल्ह्यात मात्र ते तितकेसे परिचित नाही, म्हणून हा लेख.

२१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, आजोळी, त्यांचा जन्म झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. घरची भाषा कोकणी. पोर्तुगीज आणि लॅटिन ते शाळेत शिकले. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पवित्र मरियेवर त्यांची एवढी भक्ती की दुसऱ्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी स्वतःला तिचा दास म्हणून लिहून दिले. पुढे तीन वर्षे कानडा मुलखात सेवा करून ते गोव्याला परतले आणि १६८५ मध्ये जुन्या गोव्यातील ऑरेटरी या एतद्देशीय पुरोहितांच्या संघात सामील झाले. युरोपीय संघ त्या काळी देशी पुरोहितांना सहसा आत घेत नसत, म्हणून हा संघ निघाला होता. पण या संघातही ब्राह्मण घराण्यांतून आलेल्या ख्रिस्ती पुरोहितांनाच प्रवेश असे. हे वाचताना आपल्याला बोचते, आणि बोचायलाच हवे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुतली गेली नव्हती.

श्रीलंकेत तेव्हा काय चालले होते? १६५८ मध्ये डचांनी पोर्तुगिजांना तिथून हुसकावून लावले आणि त्याच वर्षी हुकूम काढला की जो कोणी कॅथलिक पुरोहिताला आसरा देईल, त्याला मृत्युदंड मिळेल. धर्मगुरूंना घालवून दिले. चर्चच्या इमारती डचांच्या पंथाकडे गेल्या. मुलांचा बाप्तिस्मा, लग्ने, सारे डच उपदेशकांकडूनच करून घ्यावे लागे. पुढची २९ वर्षे तिथल्या कॅथलिक लोकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल नाही. छळ करणारेही ख्रिस्तीच होते, हे विसरू नये. आणि त्याच सुमारास गोव्यात कॅथलिक पोर्तुगिजांचे इन्क्विझिशन जोरात होते. तेव्हा आपण कोणत्याही पंथाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

फादर वाझ यांनी ऑरेटरीच्या प्रमुखपदाचा त्याग केला आणि जुआंव नावाच्या तरुणाला सोबत घेऊन ते निघाले. गोरा पुरोहित बंदरावरच पकडला गेला असता. काळ्या कातडीमुळे ज्यांना पोर्तुगिजांच्या चर्चमध्ये दुय्यम लेखत, त्यांनाच आता या कामी वाट मोकळी होती. जोसेफ वाझ यांनी झगा उतरवला, मजुराचा वेश घेतला आणि तुतिकोरिनहून बोटीत बसून १६८७ मध्ये ते जाफन्यात पोहोचले.

पोहोचले ते आजारी होऊन. हगवणीने जीव जायची वेळ आली. गावातल्या बायाबापड्यांनी आणून दिलेल्या कांजीवर ते जगले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. जपमाळ पाहून कोणाचे डोळे क्षणभर थांबतात, हे ते हेरत. हुकूम तर असा की पुरोहित म्हणून ओळख दिली आणि समोरचा फितूर निघाला तर शेवटच. समोरचा प्रामाणिक निघाला, तरी त्याचा जीव धोक्यात. अशा रीतीने एक घर सापडले, मग दुसरे. सिल्लालै या गावी लोकांनी त्यांना लपवून ठेवले. अंधार पडल्यावर ते एखाद्या घरी जात, रात्रभर पापनिवेदने ऐकत, मुलांना बाप्तिस्मा देत, लग्ने लावत, पहाटेपूर्वी मिस्सा करत आणि उजाडायच्या आत पुढच्या गावाला निघून जात.

१६९० च्या सुमारास एका नाताळच्या रात्री डच शिपायांनी छापा घातला. शेकडो लोक पकडले गेले. फादर निसटले, पण काही जणांना फटक्यांची शिक्षा झाली आणि त्यांतला एक त्या माराने मेला. आपल्याला आसरा दिल्यामुळे लोक मरतात, हे ओझे या माणसाने कसे वाहिले असेल, याचा विचार मनातून जात नाही. त्यांनी गोव्याची वाट धरली नाही, एवढे मात्र आपल्याला दिसते.

पुत्तलममार्गे १६९२ मध्ये ते कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात शिरले. तिथे एका फ्रेंच प्रोटेस्टंटाने चहाडी केली की हा पोर्तुगिजांचा हेर आहे. झाले, बंदिवास! त्या बंदिवासात ते सिंहली शिकले आणि एक छोटी झोपडी उभारून तिथेच मिस्सा करू लागले. पुढे मोठे अवर्षण पडले. राजा विमलधर्मसूर्य दुसरा याने त्यांनाही पावसासाठी प्रार्थना करायला सांगितले. परंपरा सांगते की भर चौकात वेदी मांडून क्रूसासमोर ते गुडघे टेकून बसले आणि धो धो पाऊस आला. राजाने त्यांना फिरण्याची मोकळीक दिली.

मला मात्र पावसापेक्षा १६९७ ची देवीची साथ मोठी वाटते. राजा शहर सोडून गेला. घरचे लोक आपल्याच आजाऱ्यांना रानात टाकून पळाले. फादर वाझ आणि गोव्याहून आलेले त्यांचे सोबती फादर जोसेफ दि कार्व्हाल्यो मागे राहिले. रिकाम्या घरांत त्यांनी आजाऱ्यांना आणून निजवले, त्यांचे व्रण धुतले, त्यांना भरवले, मेलेल्यांसाठी खड्डे खणले. ज्यांची सेवा केली, त्यांत बहुसंख्य बौद्ध होते. छळातून वाचलेल्या माणसाला फक्त आपल्या माणसांपुरते पाहण्याचा मोह होतो. तो त्यांना शिवला नाही. आणि राजाचा विश्वास या सेवेनेच पक्का झाला.

बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यापेक्षा त्यांनी गावोगावी प्रापंचिक पुढारी नेमले. त्यांना तिथे मूप्पु आणि अण्णावी म्हणत. फादर नसताना लोकांना जमवणे, प्रार्थना चालवणे, मुलांना शिकवणे, मरणाऱ्याजवळ बसणे हे त्यांचे काम. आपल्या खेड्यांतल्या जुन्या मास्तरांसारखेच हे! पहिल्या महायुद्धात मुंबई मिशनमधले जर्मन येशूसंघीय फादर नजरकैदेत पडले आणि मायदेशी पाठवले गेले. जर्मन कैद्यांची मोठी छावणी तर आपल्या नगरलाच होती. त्या वर्षांत नगर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर श्रद्धा टिकली, त्यात या मास्तरांचा वाटा किती मोठा होता, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

जोसेफ वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वारले. वय ५९. गोवा त्यांनी पुन्हा पाहिला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये कोलंबोत त्यांना धन्य घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथल्याच समुद्रकिनाऱ्यावर त्यांना संतपद दिले. ज्या शहरात ते कधी काळी लपतछपत येत, तिथे लाखो लोक भर उन्हात त्यांच्यासाठी उभे होते.

त्यानंतर चार वर्षांनी, पुनरुत्थानाच्या रविवारी, श्रीलंकेत तीन चर्चमध्ये आणि काही हॉटेलांत बॉम्बस्फोट झाले. कोलंबोचे संत अंतोनी चर्च, नेगोंबोचे संत सेबास्टियन चर्च आणि बट्टिकलोआचे एक प्रोटेस्टंट चर्च. अडीचशेहून अधिक माणसे मेली. तो दिवस २१ एप्रिल २०१९ होता, जोसेफ वाझ यांचा जन्मदिवस. संत अंतोनी चर्च दुरुस्त होऊन त्याच वर्षी जून महिन्यात पुन्हा उघडले आणि लोक मिस्साला आले.