राजा सर टी. माधवराव

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकिनारी कोवलम हे गाव आहे. याच नावाचे दुसरे गाव पश्चिम किनाऱ्यावर तिरुवनंतपुरमजवळ आहे. चेन्नई आणि तिरुवनंतपुरम या दोन्ही नगरांशी ज्यांचे आयुष्य निगडित राहिले, ते राजा सर टी. माधवराव तंजावर प्रांतात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील होते. त्यांचा जन्म 20 नोव्हेंबर 1828 रोजी कुंभकोणम येथे झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोर संस्थानची दिवाणगिरी केली होती. तथापि माधवरावांचा आरंभ दरबारात नव्हे, वर्गात झाला.

मद्रासच्या हायस्कुलात, म्हणजे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज म्हणून प्रसिद्धी पावलेल्या संस्थेत, पॉवेल नावाच्या विद्वान शिक्षकाच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. गणित व ज्योतिषशास्त्र हे त्यांचे आवडते विषय. तेथेच काही काळ त्यांनी अध्यापन केले, आणि 1849 साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. चार वर्षे हे काम केल्यावर ते संस्थानच्या मुलकी सेवेत शिरले. 1857 मध्ये दिवाण कृष्णराव निवर्तले, तेव्हा अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी माधवरावांकडे कारभार आला.

त्या वेळी संस्थान कर्जबाजारी होते, नोकरांचे पगार थकले होते, आणि कारभार न सुधारल्यास संस्थान खालसा होण्याची टांगती तलवार डोक्यावर होती. माधवरावांनी हिशेब शिस्तीत आणला. मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते मोडले, रयतेला जाचणारे अनेक किरकोळ कर रद्द केले. ब्रिटिश सरकार व कोचीन यांच्याशी 1865 मध्ये करार होऊन व्यापारावरील जकातीचे अडथळे दूर झाले. त्याच वर्षीच्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळाले. कर्ज फिटले, रस्ते, कालवे, शाळा यांसाठी पैसा उरू लागला. 1866 साली त्यांना सर ही पदवी मिळाली.

फ्रान्समध्ये सोळाव्या लुईचा अर्थमंत्री तुर्गो याने 1774 ते 1776 या दोन वर्षांत धान्याचा व्यापार मोकळा करण्याचा आणि रस्त्यांवरील वेठबिगार बंद करण्याचा यत्न केला होता. ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद हेन्री फॉसेट यांनी माधवरावांची गणना भारताचा तुर्गो अशी केली. हे साम्य आणखी एका बाबतीत खरे ठरले. तुर्गोला त्याच्या राजाने दूर केले. माधवरावांचेही महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याशी बिनसले, आणि 1872 साली त्यांना दिवाणगिरी सोडावी लागली. हे महाराज त्यांचेच विद्यार्थी होते. प्रजेने निवडून दिलेल्या मंत्र्यास लोकांचा आधार असतो. संस्थानी दिवाणास राजाच्या मर्जीखेरीज आधार नसे.

त्यांच्या कारकिर्दीस मर्यादाही होत्या. नाडर स्त्रियांनी अंग झाकण्याचा हक्क मागितला, तेव्हा दरबाराने रूढीची बाजू सहजासहजी सोडली नाही. 1859 चा जाहीरनामा मद्रास सरकारच्या दडपणानंतर निघाला, आणि तोही अपुराच होता. करांच्या बाबतीत धाडसी असलेला हा मुत्सद्दी सामाजिक रूढींपुढे सावध राहिला, हे विसरून चालणार नाही.

इंदूरला तुकोजीराव होळकरांच्या पदरी काही काळ काढल्यावर 1875 मध्ये माधवराव बडोद्यास आले. मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले होते आणि कारभार विस्कटला होता. गादीवर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, अक्षरओळखही नसलेला बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला गेला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. माधवरावांनी महसुलाची इजारेदारी बंद केली, न्यायालये व शाळा उभारल्या. 1877 मध्ये त्यांना राजा हा किताब मिळाला. परंतु राज्य सुधारणे आणि राजा घडवणे ही दोन कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. 1881 साली, महाराजांच्या हाती अधिकार येण्यापूर्वी, त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने देऊन त्यांना दिवाणगिरीतील अनुभवाचे सार सांगितले. ती व्याख्याने पुस्तकरूपानेही छापली गेली.

तरुण महाराजांना लवकरच आपल्या मताने चालावेसे वाटू लागले आणि 1882 मध्ये माधवराव निवृत्त झाले. दुसऱ्यांदा विद्यार्थ्याच्याच दरबारातून त्यांना निरोप घ्यावा लागला. मात्र सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. शिष्याने गुरूच्या पुढे टाकलेले हे पाऊल होते.

अखेरची वर्षे माधवरावांनी मद्रासमध्ये घालवली. 1887 साली तेथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. 4 एप्रिल 1891 रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे. जन्म तमिळ प्रदेशात, कर्तृत्व मल्याळी, मराठी व गुजराती प्रजेसाठी, आणि मातृभाषा मराठी असे हे जीवन. परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलांनी ते अवश्य अभ्यासावे.