माजगावच्या वेशीवरचा धोंडा

आजचं वाचन: दासबोध, दशक २, समास ७ (सत्त्वगुण)



दुसऱ्या दशकातली मूर्खलक्षणं बहुतेकांना माहीत असतात. मीही तिथेच अडकले होते, कारण निम्मी लक्षणं माझ्यातच सापडली! पण त्याच दशकात समर्थांनी सत्त्वगुणाला अख्खा समास दिलाय. पिंपळाला पार बांधणं, बाग लावणं, असल्या साध्या कामांतही त्यांना तो दिसतो.

ही नजर सुखातून आलेली नाही. १६०८ साली जांबेत जन्म. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाले, ते नाशिकजवळ टाकळीला पोचले. तिथे बारा वर्षं रोज नदीत उभं राहून जप. पुढची बारा वर्षं पायी भारतभ्रमण. दुष्काळ, लुटालूट, हबकलेली माणसं, सगळं बघून १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी, आपल्या सातारच्या मुलखात आले.

आणि इथे त्यांनी गावोगाव मारुती बसवायला घेतले. शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ; सांगलीकडे शिराळा आणि बहे. मारुतीच का? रामायणात समुद्रकाठी सगळे वानर हताश झाले, तेव्हा हा गप्प बसून होता. स्वतःची ताकदच विसरलेला! जांबवंतानं आठवण करून दिली, मग उडी घेतली. मला वाटतं, समर्थांना गावंही तशीच विसरलेली दिसली असणार. म्हणून ही आठवण रोज येता-जाता समोर दिसेल अशी उभी केली.

महिनाभर मी रात्री पोथी मिटल्यावर वहीत दोन ओळी लिहितेय. आज चांगलं काय दिसलं, आणि माझ्या हातून काय बरं झालं. पहिले चार दिवस दुसरी ओळ कोरीच राहिली. पाचव्या दिवशी लिहिलं, आईचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेतलं. बस, एवढंच. तुम्हीही करून बघा. कोरी राहिली तरी राहू द्या.

अकरा मारुतींपैकी मला सगळ्यात आवडतो तो चाफळजवळच्या माजगावचा. वेशीवर एक धोंडा होता, गावकरी त्यालाच मारुती मानून पूजायचे. प्रतिष्ठापना करा म्हणून ते समर्थांकडे गेले. सांगतात की समर्थांनी नवीन मूर्ती आणवली नाही. त्याच धोंड्यावर मारुती कोरवून घेतला आणि तिथेच स्थापना केली.