सरखेल कान्होजी आंग्रे

मराठी आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे ठाणे कुलाबा. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांशी समोरासमोर तोफांचा सामना करणे त्यांच्या हलक्या नौकांना झेपणारे नव्हते; ही काही लहानसहान उणीव नव्हे. परंतु ती अवजड जहाजे पाण्यात खोल बुडत आणि उथळ किनाऱ्याशी त्यांचा तळ रुतण्याचे भय असे. कान्होजींचे गुराब रुंद असल्यामुळे थोड्या पाण्यातही तरत. गलबते त्याहून लहान. त्यांवर भारी तोफा चढविल्या, तर भार वर येऊन ती कलंडावयाची. म्हणून लहान तोफाच ठेवीत. वारा पडला, की शिडाची जहाजे जागीच खिळत. मग चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीस नेत. इ. स. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर स्वारी केली, ती फसली. इ. स. १७२९ मध्ये कान्होजी निवर्तले. त्यांची समाधी अलिबागेस आहे.