लोखंडी नांगराचा कारखानदार : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची जीवनकहाणी

महाराष्ट्रातील यंत्रउद्योगाचा इतिहास लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांच्या नावावाचून पूर्ण होऊ शकत नाही. बेळगावातील सायकलीच्या दुकानापासून आरंभ झालेला त्यांचा प्रवास नांगर, पंप आणि तेलाच्या इंजिनांपर्यंत पोहोचला. त्यांच्या पुढील पिढ्यांनी हाच उद्योग मोठमोठे कारखाने आणि वाहननिर्मिती यांच्याशी जोडला. मात्र ही वाटचाल सरळ नव्हती. आयुष्यात त्यांना जागा गमवावी लागली, कच्चा माल मिळेनासा झाला आणि उतारवयात उभा कारखाना जळताना पाहावा लागला. प्रत्येक वेळी त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी काम पुन्हा सुरू केले.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्येचे असले तरी लक्ष्मणरावांचे मन पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रांची जोडणी न्याहाळणे यांत त्यांना अधिक गोडी वाटे. शाळेच्या रूढ चाकोरीत त्यांची प्रगती बेताचीच राहिली.

१८८५ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. वडिलांना हा निर्णय पसंत नव्हता. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांनी मात्र पैशाची जबाबदारी स्वीकारली. सुमारे दोन वर्षांनंतर लक्ष्मणरावांच्या दृष्टीत एक उणीव असल्याचे आढळले. काही रंगांमधील फरक त्यांना ओळखता येत नसे. चित्रकार होण्याची वाट तेथेच बंद झाली. त्यांनी रंग बाजूला ठेवले, पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाटने काढण्याचे शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. शिकवण्याचे तास संपले की त्यांचा उरलेला वेळ तेथील कार्यशाळेत जाई. यंत्र खोलणे, जोडणे आणि दुरुस्त करणे हे कौशल्य त्यांनी याच काळात स्वतःच्या हातांनी मिळवले.

त्या काळी सायकल ही नवलाईची आणि महागडी वस्तू होती. लक्ष्मणराव सायकल चालवण्यास शिकले आणि मुंबईहून सायकली बेळगावला पाठवू लागले. तेथे रामूअण्णा त्या विकत. १८८८ सालच्या या दुकानापासूनच किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ मोजतो. सायकल विकणे आणि ती चालवण्यास शिकवणे असा दुहेरी व्यवहार तेथे चाले. ग्राहकाला वस्तूचा वापर शिकवल्याखेरीज नवी वस्तू खपत नाही, हा धडा दोघा बंधूंना या दुकानाने दिला. पुढे तो त्यांच्या फार उपयोगी पडला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांना अपेक्षित बढती मिळाली नाही. ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. हा अन्याय सोसून नोकरी करीत राहणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला परतले. सायकलींच्या जोडीला त्यांनी छोटी कार्यशाळा सुरू केली. जनावरांसाठी कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले महत्त्वाचे उत्पादन ठरले. शेतीची परदेशी नियतकालिके वाचताना त्यांचे लक्ष लोखंडी नांगराकडे वेधले गेले.

लाकडी नांगर जमिनीचा वरचा थर उकरतो. लोखंडी नांगराचा फाळ खोलवर जातो आणि माती उलटी करतो. त्यामुळे तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात आणि पावसाचे पाणी जमिनीत अधिक मुरते. दख्खनच्या काळ्या, चिवट जमिनीत या फरकाला मोठे महत्त्व होते. तथापि लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये पसरली होती. नवे अवजार फसले तर त्याची किंमत संपूर्ण हंगामाला मोजावी लागते. त्यामुळे शेतकऱ्याची साशंकता समजण्यासारखी होती. नांगर तयार होऊनही पहिला ग्राहक मिळण्यास दोन वर्षे लागली. या काळात भांडवल मालात अडकून पडले, परंतु लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत जमीन नांगरून दाखवणे, हाच त्यांचा प्रचार होता. प्रत्यक्ष उलटलेली माती पाहून हळूहळू गिऱ्हाईक वळू लागले.

व्यवसायाला गती येत असतानाच जागेचा प्रश्न उभा राहिला. बेळगाव नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना तेथे ठेवणे अशक्य झाले. १९१० च्या आरंभी यंत्रे आणि कामगार होते, परंतु ती बसवण्यासाठी हक्काची जमीन नव्हती. याच सुमारास औंध संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना औंध येथे सभामंडप बांधण्याचे काम दिले. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि लक्ष्मणरावांचे गुण ते जाणून होते. किर्लोस्करांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना उभारण्यासाठी कुंडल रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन देऊ केली. भांडवल म्हणून दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले.

आज ही जागा सांगली जिल्ह्यात मोडते. त्या वेळी तो निवडुंगाने व्यापलेला, सापांचा सुळसुळाट असलेला ओसाड माळ होता. मार्च १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. प्रथम निवडुंग तोडण्यात आला, मग छपरे उभी राहिली आणि त्यानंतर यंत्रे बसली. पाणी, घरे, शाळा अशा सर्व सोयी कारखान्याबरोबरच उभाराव्या लागल्या. देशातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये किर्लोस्करवाडीची गणना होते.

माणसांची पारख हा लक्ष्मणरावांचा विशेष गुण होता. पदवी अथवा जात यांपेक्षा अंगचे कसब आणि सचोटी यांना ते अधिक मोल देत. नियोजन आणि कारभार रामूअण्णांकडे होता. हिशेब मंगेशराव रेगे सांभाळत. शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले. शंभूराव जांभेकर हे आणखी एक निष्ठावंत सहकारी होते. ज्यांच्यावर समाजाने गुन्हेगार असा शिक्का मारला होता, अशांनाही वसाहतीच्या राखणीचे काम देण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. अस्पृश्यतेला लक्ष्मणरावांचा विरोध होता. रंग नीट न ओळखणाऱ्या या माणसाने माणसे ओळखण्यात क्वचितच चूक केली.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि कारखान्यापुढे दुसरे संकट आले. नांगराचे ओतीव भाग बनवण्यासाठी बिडाचे लोखंड आणि भट्टीसाठी दगडी कोळसा लागे. युद्धामुळे दोन्ही दुर्मीळ झाले. तेव्हा लाकडी कोळशावर भट्टी चालवण्याचे प्रयोग करण्यात आले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानातील निकामी तोफा लोखंडासाठी दिल्या. त्या वितळवून नांगर घडवण्यात आले.

देशात लोहखनिजाची वानवा नव्हती, ही या टंचाईची दुसरी बाजू होय. आजच्या छत्तीसगडमध्ये रायपूरच्या दक्षिणेस असलेल्या दल्ली-राजहरा डोंगरांतील समृद्ध खनिजाची नोंद भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली, म्हणजे बेळगावचे दुकान सुरू होण्याच्या एक वर्ष आधी केली होती. त्या खनिजावर चालणाऱ्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी मात्र १९५९ साली पेटली. तेव्हा लक्ष्मणराव हयात नव्हते. खनिज भूमीत असणे आणि लोखंड ओतशाळेच्या दारी येणे यांमधील हे अंतर त्यांच्या पिढीच्या कारखानदारांना स्वतःच्या युक्तीने कापावे लागले.

युद्धानंतर उद्योगाचा विस्तार झाला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी म्हणून नोंदवण्यात आली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याची माहिती देणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक म्हणून मराठी घराघरांत पोहोचले. कारखान्यात उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र आणि हातपंप तयार होऊ लागले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९२६ साली परतले. त्याच सुमारास किर्लोस्करवाडीत पंप आणि तेलाचे इंजिन यांची निर्मिती सुरू झाली. बैलांच्या मोटेऐवजी इंजिनाने विहिरीचे पाणी उपसले जाऊ लागले आणि बागायतीचा विस्तार शक्य झाला.

यापुढचा टप्पा अन्य उद्योगांना यंत्रे पुरवण्याचा होता. १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही यंत्रहत्यारांची कंपनी स्थापन झाली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळूरमध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. शेतकऱ्याचा विश्वास मिळवण्यासाठी ज्या चिकाटीने नांगर घडवला गेला, तीच आता लेथ, मोटर आणि इंजिन यांच्या कामी आली. लेथचा ग्राहक स्वतः कारखानदार असतो. त्याच्या मापातील किंचितशी चूक पुढे त्यावर बनणाऱ्या प्रत्येक भागात उतरते. त्यामुळे येथे अचूकतेची कसोटी अधिक कडक होती.

विस्तार चालू असतानाच सर्वांत मोठा आघात झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. निवडुंगाच्या माळावर ३८ वर्षांत उभे राहिलेले बरेचसे वैभव भस्मसात झाले. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. कारखान्याची पुन्हा उभारणी करण्याची जबाबदारी शंतनुरावांनी स्वीकारली. इमारती आणि यंत्रे जळाली होती, पण ओतकाम, जोडणी आणि हिशेब जाणणारी माणसे शिल्लक होती. त्यांच्याच बळावर किर्लोस्करवाडीत यंत्रांचा आवाज पुन्हा घुमू लागला.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने तिकीट काढून त्यांचा गौरव केला. त्यांच्या पश्चात शंतनुरावांच्या नेतृत्वाखाली समूह वाहने आणि अवजड यंत्रांच्या क्षेत्रात शिरला. १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीसह पुण्यात डिझेल इंजिनांचा संयुक्त उद्योग उभा राहिला. १९९७ साली किर्लोस्कर कुटुंबाच्या एका शाखेने जपानच्या टोयोटा कंपनीशी भागीदारी करून बंगळूरजवळ मोटारनिर्मितीचा पाया घातला. पुढच्या पिढ्यांत उद्योगांची मालकी कुटुंबाच्या वेगवेगळ्या शाखांकडे विभागली गेली आणि काही कंपन्या इतरांच्या हाती गेल्या.

कौटुंबिक उद्योगाचे भवितव्य वारसांवर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. लक्ष्मणरावांचे जीवन त्यात एका गोष्टीची भर घालते. बेळगावची जागा गेली, युद्धात लोखंड आटले आणि १९४८ साली कारखाना जळाला. या तिन्ही वेळी उद्योगाला तारले ते ग्राहकाचा मालावरील विश्वास आणि कामगारांच्या हातातील कसब यांनी. कुंडलजवळच्या त्या माळावर आजही पंप तयार होतात. लक्ष्मणरावांच्या कार्याचे हेच बोलके स्मारक होय.