रायतूरचे फादर स्टीफन्स

कृष्णाकाठच्या आमच्या गावात श्रावणात पोथी लागते. आजीला अक्षरओळख नाही, पण वाचणारा ओवीत कुठे अडखळला ते तिला लगेच कळते. म्हणून एका इंग्रज पाद्र्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या, असे सरांनी तासाला सांगितले तेव्हा मला खरेच वाटेना.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिक असणे धोक्याचे होते. थॉमस पाउंड हे त्यांचे मित्र त्यांच्याबरोबर रोमला जायचे होते. ते पकडले गेले आणि पुढची तीसेक वर्षे तुरुंगात राहिले. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. संघाच्या नियमाप्रमाणे नवशिक्याला महिनाभर मौनचिंतन, इस्पितळात रोग्यांची सेवा, भिक्षा मागत यात्रा आणि घरातली हलकी कामे करावी लागत. विद्वत्तेआधी हात खरकट्यात घालायला लावणारी ही शाळा, गोठा उरकून एस.टी. पकडणाऱ्या मला तरी परकी वाटली नाही.

१५७९ साली ते गोव्यात आले आणि बहुतेक सारे आयुष्य त्यांनी साष्टीत काढले. तिथे देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. हे वगळून त्यांचे चरित्र सांगणे बरे नव्हे. पोथीवाचून सुन्या झालेल्या त्या घरांसाठीच त्यांनी 'ख्रिस्तपुराण' लिहिले. १६१६ साली ते रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. जुन्या कवींचे अवघड शब्द त्यांनी टाळले, लोकांच्या तोंडची कोकणी मराठीत मिसळली आणि प्रस्तावनेत तसे मोकळेपणी सांगितलेही.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. पहिल्या वर्षी मी वर्गात 'पानी' म्हणाले आणि मागची बाके हसली. त्यानंतर वर्षभर मी तासाला तोंड उघडले नव्हते.

१६१९ साली ते वारले. त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली छापले गेले. पुराणाच्या पहिल्या आवृत्तीची मात्र एकही प्रत आज सापडत नाही.

गेल्या श्रावणात मी आजीला त्यातल्या काही ओव्या वाचून दाखवल्या. चाल तिला पटली. बुवा कुठल्या गावचा, एवढेच तिने विचारले. मी रायतूरचा म्हणून सांगितले.