हरिश्चंद्राचा कारखाना

कॅमेरा ही मोलाची वस्तू, आणि मोलाच्या वस्तूवर चोराची नजर असायचीच. म्हणून प्रवासाला निघालेले छायाचित्रकार कॅमेरा जुन्या कापडी पिशवीत घालतात, त्यावरचे चकचकीत नाव काळ्या पट्टीने झाकतात. परंतु भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात याच्या अगदी उलट प्रसंग आढळतो. तेथे कॅमेरेवाल्यांनाच लोकांनी दरोडेखोर ठरविले!

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. आम्हा सूर्यमाळकरांना त्र्यंबक परके नाही. मोखाड्याचा रस्ता पुढे तेथेच जातो. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्र्यातील फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातील नोकरी आणि मग छापखाना, असा त्यांचा प्रवास झाला. १९११ साली त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपले देवही पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी आले. एवढ्या किमतीचे ते यंत्र होते!

त्या काळी चित्रपटात काम करणे कमीपणाचे समजत. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती साळुंके नावाच्या तरुणाने केली. म्हणून दादासाहेबांनी नटांना सांगून ठेवले होते की, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत, असे सांगावे. कॅमेऱ्याला पिशवीत दडवावे, तसे त्यांनी सारा उद्योगच एका साध्या नावाखाली दडविला.

पण हे झाकणे वांगणीला उपयोगी पडले नाही. बाहेरील चित्रीकरणासाठी मंडळी त्या गावी पुढे गेली. बरोबर ढाली-तलवारी पाहून गावकरी घाबरले व पाटलाकडे धावले. बोहाड्याची सोंगे पाहत वाढलेल्या आम्हाला लाकडी तलवार चटकन ओळखू येते. पण चित्रपट हा शब्दही न ऐकलेल्या त्या गावकऱ्यांना दोष कसा द्यावा? फौजदाराने साऱ्यांना अटकेत ठेवले. मागाहून दादासाहेब पोहोचले. तोंडी सांगून पटेना, तेव्हा त्यांनी कॅमेरा पुढे मांडला आणि त्यात फिल्म न भरताच चित्रीकरण करून दाखविले. फौजदाराची खात्री पटली व मंडळी सुटली.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले.

मोलाची वस्तू झाकून ठेवावी, हे शहाणपण खरेच. चोरापासून ती झाकूनच वाचते. परंतु माणसाच्या मनातील संशय झाकण्याने वाढतो; तो घालवायचा तर पेटी उघडूनच दाखवावी लागते. कोणापुढे झाकावे आणि कोणापुढे उघडावे, हे दादासाहेबांना नेमके कळले होते.