बर्फ मोजणारा माणूस

पृथ्वीच्या उत्तरेला ग्रीनलंड नावाचे मोठे बेट आहे. त्याचा बहुतेक भाग बर्फाने झाकलेला आहे. हा बर्फ किती जाड आहे? तेथील हवामान कसे असते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका शास्त्रज्ञाने आपले प्राण गमावले. त्यांचे नाव आल्फ्रेड वेगेनर.

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. त्यांनी खगोलशास्त्राचे शिक्षण घेतले. पण त्यांचे मन हवामानाच्या अभ्यासात रमले. १९०६ साली ते व त्यांचे भाऊ कुर्ट फुग्यातून सलग ५२ तास आकाशात राहिले. तो त्या काळचा विक्रम होता. त्याच वर्षी ते प्रथम ग्रीनलंडला गेले.

सर्व खंड पूर्वी जोडलेले होते व नंतर हळूहळू दूर सरकले, असा विचार त्यांनी १९१२ साली मांडला. अनेक विद्वानांनी तो नाकारला. वेगेनर खचले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी खंड सरकतात हे जगाने मान्य केले.

१९३० साली ते मोठी मोहीम घेऊन पुन्हा ग्रीनलंडला गेले. किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध, त्यांनी एक ठाणे उभारले. तेथे दोन साथीदार हिवाळाभर राहणार होते. पण त्यांच्याजवळ सामान अपुरे होते. म्हणून २१ सप्टेंबरला वेगेनर कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. वाटेत थंडी वाढत गेली. बहुतेक सोबती परत फिरले. शेवटी त्यांच्याबरोबर लोव्हे हे शास्त्रज्ञ आणि रासमुस हा ग्रीनलंडचा तरुण एवढेच उरले. चाळीस दिवसांनी तिघे ठाण्यावर पोहोचले. लोव्हे यांच्या पायांची बोटे थंडीने निकामी झाली होती. पाच जणांना हिवाळाभर पुरेल एवढे अन्न तेथे नव्हते. म्हणून लोव्हे यांना तेथे ठेवून, १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर रासमुससह परत निघाले. ते किनाऱ्यावर पोहोचलेच नाहीत.

मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह बर्फात सापडला. रासमुसने तो नीट पुरून खुणेसाठी तेथे बर्फावरून घसरण्याच्या पट्ट्या रोवल्या होत्या. रासमुस मात्र कधीच सापडला नाही.

साथीदारांनी काम पूर्ण केले. त्यांनी बर्फात सुरुंग उडवले. त्याचा हादरा खालच्या खडकावर आदळून परत येई. त्याला लागलेल्या वेळेवरून बर्फाची जाडी कळे. ती दोन किलोमीटरहून अधिक निघाली!

आज पृथ्वी तापत आहे आणि हा बर्फ वितळत आहे. पेल्यातील पाण्यावर तरंगणारा बर्फ वितळला, तर पाण्याची पातळी वाढत नाही. पण बाहेरचे पाणी पेल्यात ओतले, तर ती वाढते. ग्रीनलंडचा बर्फ जमिनीवर आहे. तो वितळला की पाणी समुद्रात जाते. सगळा वितळला, तर जगातील समुद्र सुमारे ७ मीटरने वर येतील. त्याला शेकडो-हजारो वर्षे लागतील. पण थोडे पाणी वाढले तरी मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला भरतीच्या वेळी धोका वाढतो. शिवाय हे गोडे पाणी खाऱ्या समुद्रात मिसळले, की उष्णता वाहून नेणारे सागरी प्रवाह मंदावू शकतात. मग दूरदूरचे हवामानही बदलते.

आता बर्फ उपग्रहांनी मोजला जातो. पण या कामाचा पाया घालणारे वेगेनर अजून त्याच बर्फात विसावले आहेत. त्यांच्याबरोबर रासमुसचीही आठवण ठेवली पाहिजे.